पिवळा रंग कधी आला? महापुरानंतरच्या एका टाकीचं प्रकरण

जुलै २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात नदी ५६ फुटांच्या वर गेली. शुक्रवार पेठेच्या उतारावरच्या आमच्या इमारतीत पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी चढलं आणि तीन दिवस हललं नाही. नदीकाठची उपसा केंद्रं पाण्यात गेल्यानं शहराचा पाणीपुरवठाही थांबला. नदी दाराशी आणि घागर घेऊन माणसं टँकरच्या रांगेत, हे २०१९ नंतर कोल्हापूरनं दुसऱ्यांदा सोसलं.

पाणी उतरल्यावर आम्ही बारा घरांनी मिळून पार्किंगखालची टाकी साफ केली. चिखल बादल्यांनी उपसला, भिंतींवर पाइपनं पाणी मारलं, झाकण दिवसभर उघडं ठेवलं. नळाला पाणी सुटलं तशी टाकी भरली आणि मोटर लावली. वरच्या नळाला आलेलं पाणी इतकं नितळ होतं की स्टीलच्या पातेल्याचा तळ स्पष्ट दिसत होता. आठवड्याच्या आत पाच घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे पाणी तपासायचं काम आपोआप माझ्याकडे आलं आणि मी ते चुकीच्या पद्धतीनं केलं. टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर टाकणाऱ्या कुठल्याही सोसायटीत किंवा गावात तीच चूक सहज होऊ शकते. म्हणून हे सगळं प्रकरण तपशिलात मांडते आहे.

पहिला संशय

पहिला संशय अर्थातच महापालिकेच्या पाण्यावर गेला. पुरात नदी एवढी गढूळ, त्यात जयंती नाल्याचं सांडपाणी, म्हणजे तेच नळाला येत असणार, असं जिन्यात सगळे बोलत होते. तळमजल्यावरचे आबा मात्र गप्प होते. त्यांची तीस वर्षं फिल्टर हाऊसला, म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात गेलेली. त्यांच्या घरातलं सामान अजून गच्चीवर वाळत होतं.

“बाई, नदी तांबडी झाली म्हंजे नळ घाण येतोय असं न्हाई,” ते मला म्हणाले. “तांबडं पाणी आलं की आमी आधी सहा ग्लास मांडायचो.”

ते सहा ग्लास म्हणजे जार टेस्ट. सह्याद्रीच्या माथ्यावरची तांबडी माती पावसाबरोबर भोगावती, कासारी, कुंभी, तुळशीतून खाली येते आणि प्रयाग चिखलीला पंचगंगेत एकवटते. त्यातले मातीचे सगळ्यात बारीक कण दिवसच्या दिवस तळाला बसत नाहीत. प्रत्येक कणावर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मारतं आणि पाण्यातल्या अल्कलीशी मिळून हायड्रॉक्साइडचा चिकट, पांढुरका साका तयार करतं. त्या साक्याला कण चिकटतात, गुठळी मोठी होते, जड होते आणि बसते. तुरटी कमी पडली तर गढूळपणा राहतो. जास्त झाली तर पाणी आम्लाकडे झुकतं, मग चुना टाकून सावरावं लागतं. नेमकं किती लागेल हे पुस्तकावरून ठरत नाही, कारण नदी सकाळी एक असते आणि संध्याकाळी दुसरी. म्हणून सहा भांड्यांत तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी वाढवत न्यायची, आधी जोरात आणि मग हळू ढवळायचं आणि कुठल्या भांड्यात गुठळी चांगली बसते ते बघायचं. पुराच्या दिवसांत आबांनी हे दिवसातून चार-चार वेळा केलेलं. आता बऱ्याच ठिकाणी तुरटीऐवजी पॅक, म्हणजे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड वापरतात, पण भांडी मांडणं चुकत नाही.

पुढचा टप्पा वाळूचा. साधारण दोन-अडीच फुटांच्या वाळूच्या थरातून पाणी खाली उतरतं. वाळूनं जंतू गाळले जातात, असा अनेकांचा समज असतो. माझे विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत तसंच लिहितात. खरं तर वाळूच्या दोन कणांमधली फट जिवाणूच्या कित्येक पट मोठी असते आणि विषाणू तर त्याहून बारीक. वाळू पकडते ती गुठळी, आणि जंतू त्या गुठळीत अडकलेले असतात. म्हणून आधीची तुरटी नीट झाली नसेल तर वाळू एकटी फार काही करू शकत नाही. थर तुंबला की खालून उलटं पाणी आणि हवा सोडून तो धुतात, त्याला बॅकवॉश म्हणतात.

सगळ्यात शेवटी क्लोरीन. तो शेवटी का, याचंही कारण आहे. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात आणि क्लोरीनही त्या गाळातल्या सेंद्रिय पदार्थांवर खर्च होऊन जातो. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, त्यांना आधीच्या टप्प्यांतच अडवावं लागतं. त्यामुळे आधी पाणी नितळ करायचं, मग क्लोरीन. साधारण अर्धा तास तो पाण्याशी राहिला पाहिजे आणि त्यानंतरही थोडा शिल्लक उरला पाहिजे. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवा. हा उरलेला क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर पाठवलेला राखणदार. वाटेत कुठे घाण शिरली तर तो तिच्याशी झटतो आणि संपतो. तो संपलाय हे कळलं की वाटेत काहीतरी घडलंय हेही कळतं.

आमच्याकडे वाट दोन ठिकाणी बिघडू शकत होती. एक रस्त्यातली पाइपलाइन, कारण पाणी दिवसातून काही तासच सुटतं. उरलेल्या वेळात पाइप रिकामी असते आणि फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दुसरी आमची स्वतःची टाकी.

ओटीची नळी

आबांनी सांगितल्याप्रमाणे मी पाणी सुटल्या सुटल्या मीटरजवळच्या नळाचं पाणी घेतलं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा घेतलं. पहिलं किंचित गढूळ होतं, दुसरं स्वच्छ. ऑर्थोटोलिडिन, म्हणजे ओटी, हे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारं द्रावण. त्याचे थेंब टाकल्यावर दुसरं छान पिवळं झालं. रंगपट्टीवर ०.५ च्या आसपास. म्हणजे रस्त्यापर्यंत राखणदार जिवंत होता.

मग टाकीचं पाणी. त्यात रंग नावालाही आला नाही.

उपाय मला सरळ वाटला. टाकी १२,००० लिटरची. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबानं ६० ग्रॅम टीसीएल घेतली, बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरची निवळी टाकीत ओतली. अर्ध्या तासानं नमुना घेतला, थेंब टाकले, नळी कट्ट्यावर ठेवली. तेवढ्यात मोटर बंद करायची होती, ती करून आले. नळी पिवळी झालेली होती. पुन्हा ०.५. मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, पाणी वापरायला हरकत नाही.

हे वाक्य मी लिहायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एका घरात मूल आजारी पडलं. मी पावडर दुप्पट केली. आता पाण्याला झोंबणारा वास यायला लागला, अंघोळीला डोळे चुरचुरू लागले. वरच्या मजल्यावरून तक्रार आली की औषध जास्त झालंय. नळी मात्र पिवळी आणि मी निश्चिंत. खात्रीसाठी म्हणून एचटूएस बाटलीत एक नमुना भरून ठेवला होता. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर दिवसा-दोन दिवसांत ही बाटली काळी होते. ती एका रात्रीत शाईसारखी काळी झाली.

क्लोरीनचा रंग आहे, वासही आहे, आणि तरी जंतू जिवंत. मला काही उमगेना. बाटली आणि नळी दोन्ही घेऊन मी आबांकडे गेले.

आबांनी बाटली बघितली, नळीकडे बघितलंही नाही. “पावडर किती टाकली ते नगा सांगू. रंग कवा आला ते सांगा.”

मला सांगता येईना. मी दर वेळी थेंब टाकून दुसऱ्या कामाला गेले होते.

आम्ही दोन नळ्या शेजारी शेजारी धरल्या. एकीत रस्त्याच्या नळाचं पाणी, दुसरीत टाकीचं. थेंब दोन्हींत एकदम टाकले आणि आबा मोठ्यानं आकडे मोजू लागले. रस्त्याचं पाणी थेंब पडताक्षणी पिवळं झालं. टाकीचं पाणी दहापर्यंत मोजून झालं तरी जवळजवळ पांढरं होतं. वीस, तीस. मग तळाकडून फिकट पिवळी झाक चढायला लागली, आणि पाच मिनिटांनी दोन्ही नळ्या ओळखू न येण्याइतक्या सारख्या झाल्या.

सगळं प्रकरण त्या दहा सेकंदांत होतं. मुक्त क्लोरीन ऑर्थोटोलिडिनला लगेच रंग देतो. जो रंग सावकाश चढतो तो जोडलेल्या क्लोरीनचा, म्हणजे क्लोरामिनचा. पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन त्याला धरतो आणि क्लोरामिन होतो. क्लोरामिन जंतू मारतो, पण मुक्त क्लोरीनच्या तुलनेत फार सावकाश. विषाणूंच्या बाबतीत तर त्याचा जोर कित्येक पटींनी कमी. आणि तो झोंबणारा वास, डोळ्यांची चुरचुर हीसुद्धा त्याच कुटुंबातली. घरोघर लोक म्हणत होते औषध जास्त झालं, आणि खरं तर मुक्त क्लोरीन टाकीत उरतच नव्हता.

अमोनिया आला कुठून

अमोनिया म्हणजे लघवी, विष्ठा, कुजणारे पदार्थ. थोडक्यात ड्रेनेज.

कॉलेज तेव्हा ऑनलाइनच चालू होतं. शिपाईमामांकडून लॅबची किल्ली घेऊन मी नेसलरचं द्रावण आणलं. बारावीच्या प्रॅक्टिकलला क्षारातला अमोनियम ओळखायला आम्ही हेच वापरतो. त्यात पारा असतो, म्हणून हातमोजे घातले आणि उरलेलं द्रावण बाटलीत भरून लॅबला परत नेलं. दोन्ही नमुन्यांत आधी थोडा हायपो टाकून क्लोरीन मारला, मग नेसलर. रस्त्याचं पाणी होतं तसंच राहिलं. टाकीचं पाणी चहाच्या निवळीसारखं पिवळट तपकिरी झालं.

आता टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इथे एक सांगायलाच हवं. बंद टाकीत थेट उतरू नये. झाकणं उघडून हवा खेळू द्यावी, एकानं वर थांबावं, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा. अशा टाक्यांत गुदमरून माणसं गेलेली आहेत. आणि आमच्यातल्या एकानं बाथरूम घासायचं ॲसिड आणलं होतं, ते आबांनी वरच ठेवायला लावलं. टीसीएल आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आत टॉर्च मारला तर तळाला चार बोटं गाळ. आम्ही साफ केली म्हणत होतो त्या टाकीत. पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथे जुनी पाइप भिंतीतून आत येते तिथे पाइपभोवती काळपट ओली कड दिसत होती. बोट लावलं तर बोटाला बुळबुळीत लागलं. त्या भिंतीच्या पलीकडे दीड फुटावर इमारतीचं ड्रेनेजचं चेंबर. पुरात त्यात गाळ भरला होता, पुढची लाइन अर्धी तुंबली होती, म्हणून चेंबर काठोकाठ भरलेलं असायचं. पूर येण्याआधी चेंबरमधली पातळी खाली असायची, त्यामुळे ती फट असली तरी कुणाला कळली नसेल.

आबांनी कपड्याची नीळ मागवली. बादलीभर पाण्यात कालवून चेंबरमध्ये ओतली आणि आम्ही टाकीच्या तोंडाशी वाकून बसलो. वीस-बावीस मिनिटं गेली. मग त्या काळ्या कडेखालून भिंतीवर निळसर ओघळ उतरला, करंगळीएवढा रुंद. कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तोंडाला पदर लावून वर निघून गेल्या. त्यांची सून सहा महिन्यांची गरोदर होती.

आबांच्या मनात पहिल्या दिवसापासून तेच होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. २०१२ च्या उन्हाळ्यात इथून तीसेक किलोमीटरवर इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, माणसं दगावली होती. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेततो. आणि लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. जुलाब थांबले म्हणून सुटलो, असं त्यात म्हणता येत नाही. त्या घरानं डॉक्टरांना सगळं सांगून तपासण्या केल्या आणि पुढचे दोन महिने काळजीत काढले. सून आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत.

तिसऱ्या मजल्यावर आरओ होता आणि आजारी पडलेल्या पाच घरांत ते घरही होतं. आरओचं पाणी ते प्यायचे, पण दात घासायला, भाजी-कोथिंबीर धुवायला, ताक घुसळायला नळाचंच पाणी. शिवाय आरओतला कार्बन उरलासुरला क्लोरीनही काढून घेतो, म्हणजे त्याच्या साठवणीच्या टाकीत राखणदार नसतो. मशीन वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण टाकीत ड्रेनेज येत असताना त्याच्या भरवशावर राहू नये. त्या काळात खरा आधार होता तो पाणी चांगलं खळखळून उकळण्याचा.

पावडर वाढवून का भागलं नसतं

हा हिशेब मी नंतर मुलांना वर्गात करायला दिला. अमोनियाचा पूर्ण निकाल लावून वर मुक्त क्लोरीन उरायला हवा असेल, तर कागदावर अमोनिया-नायट्रोजनच्या साडेसातपट आणि प्रत्यक्षात जवळजवळ दहापट क्लोरीन लागतो. समजा लिटरला फक्त १ मिलिग्रॅम नायट्रोजन आहे. मग १२,००० लिटरला १२० ग्रॅम क्लोरीन. टीसीएल ताजी असते तेव्हा तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पावसाळी हवेत पोतं उघडं राहिलं की तो घटत जातो. २५ टक्के धरला तरी जवळपास अर्धा किलो पावडर, आणि तीही एका भरण्याला. ओघळ चालूच असेल तर उद्या पुन्हा तितकीच. आणि गढूळ गाळाआड लपलेल्या जंतूंपर्यंत ती पोचेलच असंही नाही. मी टाकत होते ६० ग्रॅम, मग १२०.

दुरुस्तीला चार दिवस लागले. चेंबर उपसून पुढची लाइन मोकळी केली. पाइपभोवतीची भिंत फोडून सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगनं भरली, आतून पुन्हा गिलावा केला. पुढे दिवाळीआधी वर्गणी काढून चेंबर इमारतीच्या दुसऱ्या बाजूला हलवलं. या खर्चावरून वाद झाले, पण त्यात इथे जाण्याची गरज नाही.

टाकी तळ दिसेपर्यंत घासली, मग भरली आणि लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन बसेल इतकी, म्हणजे २.४ किलो टीसीएलची निवळी टाकली. ते पाणी वरच्या टाकीत चढवून घराघरांतला प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडला, कारण आठवडाभर तेच दूषित पाणी त्या पाइपांतून फिरलं होतं. रात्रभर तसंच ठेवून सकाळी सगळं काढून टाकलं आणि नवं पाणी घेतलं. निळीचा प्रयोग पुन्हा केला. दोन तास बसलो, भिंत कोरडी राहिली.

नव्या पाण्यात थेंब टाकले आणि या वेळी मी नळीवरून नजर काढली नाही. तीनपर्यंत मोजेस्तोवर पिवळा रंग आला आणि पाच मिनिटांनीही तेवढाच राहिला. एचटूएस बाटली दोन दिवस ठेवली, काळी झाली नाही.

तेव्हापासून पार्किंगच्या खांबाला एक वही टांगलेली आहे. तारीख, रस्त्याच्या नळाचा आकडा, टाकीचा आकडा, आणि शेवटचा रकाना आबांनी स्वतः आखलेला: “रंग किती सेकंदात”. ऑर्थोटोलिडिन आरोग्याला घातक मानतात, म्हणून आता आम्ही डीपीडीच्या गोळ्या आणतो. त्यात मुक्त क्लोरीनला गुलाबी रंग येतो. आबांच्या रकान्याचं नाव तेच आहे. पावसाळ्यात रोज, एरवी आठवड्यातून एकदा नोंद होते. दर वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी चेंबरमध्ये नीळ ओतली जाते.

२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं. दूधगंगेचं, धरणातलं, पन्नासहून अधिक किलोमीटर बंद पाइपमधून आलेलं. शहरानं बरीच वर्षं वाट पाहिलेली ती योजना. बातमी आली त्या सकाळी आबांचा नातू पाणी सुटायच्या वेळेला मीटरजवळ दोन नळ्या धरून उभा होता. एक रस्त्याच्या नळाची, एक टाकीची. त्यानं मोठ्यानं दहापर्यंत मोजलं, दोन्ही गुलाबी झाल्या होत्या, आणि वहीत नोंद झाली.